कडी शेवटी येणाऱ्यानं लावायची

कोपरगाव
१४ ऑक्टोबर २०२४

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून लगेच फाडू नकोस. पैसे मागायला लिहिलेलं नाही. तू माझा नंबर ब्लॉक केलास, आईचा केलास, मित्राच्या फोनवरून लावला तर तोही केलास. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. पत्त्यावर नुसतं ‘सम्राट दाजी, वीज मंडळाचे क्वार्टर, चंद्रपूर’ लिहितोय. पोचलं तर पोचलं.

मी कोपरगावला एका हार्वेस्टरवाल्याकडं आहे. ऊस तोडायचं यंत्र गं. हंगाम सुरू व्हायच्या आधी त्याची पाती काढायची, घासायची, ग्रीस भरायचं. मी हेल्पर. ड्रायव्हर म्हणतो, हंगामात स्टेअरिंग देतो. त्याआधी नाशिककडं द्राक्षांच्या टेम्पोवर होतो, त्याआधी एका मंडपवाल्याकडं, पण ते जाऊ दे. बारावीचा फॉर्म पुन्हा भरलेला नाही, हे तू विचारायच्या आधीच सांगून टाकतो.

काल गोदावरीच्या पुलाजवळ चहा पीत बसलो होतो. टपरीवाल्यानं गाव विचारलं. म्हटलं, बोरदरा.

“म्हंजी मुक्कामी आमदाराचं?”

छाती अशी फुगली म्हणून सांगू! ग्लासातला चहा सांडला. आपल्यापासून एवढ्या लांब, जिथं आप्पांना एक मत पडायचं नाही, तिथं माणूस गावाच्या आधी आपल्या आजोबांना ओळखतो. मग तो मलाच गोष्ट सांगायला लागला. आप्पा सभागृहात कुठल्याही विषयावर उठले तरी शेवट एकच असायचा, “आणि अध्यक्ष महोदय, आमच्या बोरदऱ्याला रात्रीची मुक्कामी एसटी कधी?” विषय कोकणातल्या मासेमारीचा असला तरी. एका मंत्र्यानं चेष्टेनं ‘मुक्कामी आमदार’ म्हटलं. सगळे हसले. आप्पा बसले, आणि पुढच्या अधिवेशनात पुन्हा उठले. टपरीवाल्यानं उठण्याची नक्कलसुद्धा केली, पण चुकीची. आप्पा बोलायला उठताना आधी सदऱ्याच्या दोन्ही बाह्या सारख्या करतात. आपण शाळेच्या सहलीत वरच्या गॅलरीतून बघितलं होतं, आठवतं? तू म्हणाली होतीस, जेवायला बसल्यासारखे उठतात.

“खरंच दार न्हाई का त्यांच्या घराला? होळीत जाळलं म्हनं.”

मग मात्र मला गप्प बसवेना. सांगितलं त्याला खरं. तुला पाठ आहे, तरी तुलाही सांगतो, मला सांगायला आवडतं. ऐंशी साली आप्पा पहिल्यांदा निवडून आले. एका दुपारी जेवून आडवे झाले होते, दार लोटलेलं. संध्याकाळी बाहेर आले तर बनुबाई उन्हात बसलेली. डोंगरावरच्या वस्तीवरून चालत आलेली. हाक का मारली नाहीस विचारलं तर म्हणाली, “आमदाराचं दार कसं वाजवू आप्पा? हातच उचलंना.” आप्पांनी तसंच बन्सी सुतारांना बोलावलं, दार बिजागऱ्यांतून काढलं आणि ओसरीवर दोन दगडांवर आडवं टाकलं. यावर बसा म्हणाले. ज्या दिवशी हरीन, त्या दिवशी परत लावीन.

“मग?” टपरीवाला म्हणाला.

“मग काय, हरलेच नाहीत.”

“तू नात्यातला का त्यांच्या?”

“गावातला,” म्हटलं मी. नातू म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, मग तू हितं ग्रीस का लावतोयस?

उत्तर पाठवायचंच असेल तर याच टपरीच्या पत्त्यावर पाठव. खाली लिहिलाय.

गोरक्ष

*

शनिशिंगणापूर
२७ ऑक्टोबर

ताई,

तुझं कार्ड टपरीवर आलं. तोवर मी तिथून निघालो होतो, त्यामुळं टपरीवाल्यानं फोटो काढून पाठवला. म्हणजे त्यानं वाचलं. म्हणजे आता त्याला कळलं मी कोण ते. “आप्पांचं सोडून काहीही लिही.” पाच वर्षांनी बहिणीचं एक वाक्य, आणि त्यातही आप्पा आहेतच!

बरं. आप्पांचं सोडून.

मी शिंगणापूरला रंगुबाईंच्या दुकानात आहे. तेल, रुईच्या पानांची माळ, काळे उडीद, नारळ. हार्वेस्टरचा एक भाग पुण्याहून यायचाय, तोवर रिकामा होतो. दर्शनाला म्हणून आलो आणि राहिलो. रंगुबाई साठीच्या आहेत, तोंड पट्ट्यासारखं चालतं. शनिवारी गर्दी इतकी की गिऱ्हाईकाचं तोंड दिसत नाही, नुसते हात दिसतात. मुंबईची माणसं फोटो काढतात आणि एकच विचारतात, खरंच चोर येत नाहीत का? रंगुबाई म्हणतात, “चोर न्हाई येत. पाव्हने लई येत्यात. त्यांच्यावर शनीचं काही चालत न्हाई.”

मी त्यांना म्हटलं, आमच्याही घराला दार नाही. तर म्हणाल्या, “तुमच्यात कोनता देव?” मी म्हटलं, आजोबा.

बघ, आलेच. मी काय करू? दार म्हटलं की आप्पा, एसटी म्हटलं की आप्पा.

बरं, आपलं लिहितो. आपण दोघं उशिरा घरी यायचो तेव्हा आई आतून ओरडायची, “कडी लावली का?” घराचा जुना नियम, शेवटी येणाऱ्यानं कडी लावायची. दार ओसरीवर आडवं पडलंय, त्यावर माणसं बसलीत, तरी नियम चालूच. आणि आपण रिकाम्या चौकटीत हात फिरवून म्हणायचो, “लावली!” तू तर तोंडानं ‘खट्’ असा आवाजही काढायचीस.

त्याच चौकटीत तू थांबली होतीस. दोन हजार एकोणीस, निवडणुकीच्या आधीचा महिना. ओसरीवर माणसं होती, म्हणून आप्पा हळू बोलले होते, “महिनाभर थांब. निवडणूक होऊ दे, मी सोता मांडव घालतो.” तू हळू बोलली नाहीस. लोकांच्या पोरींची अशी जातीबाहेरची लग्नं तुम्ही स्वतः उभं राहून लावलीत, तेव्हा निवडणुका नव्हत्या का, म्हणालीस. मग तू चौकटीत वळून म्हणालीस, “या घराला दार नाही म्हणून जगभर सांगता. आहे की. फक्त दिसत नाही.”

नगरच्या रजिस्टर ऑफिसात साक्षीदार म्हणून मी सही केली. अठरा पूर्ण झाल्यावरची माझी पहिली सही. आणि पुढच्याच आठवड्यात मी आप्पांच्या प्रचाराच्या जीपवर बसलो, म्हणून तू मला ब्लॉक केलंस. मला अजूनही त्यात चूक वाटत नाही ताई. सहीही माझी आणि जीपही माझी.

आता जे सांगतो ते कुणीतरी तुला सांगणारच, त्यापेक्षा मी सांगतो. आप्पा पुन्हा उभे आहेत. दहाव्यांदा. आणि समोरच्यांनी मोबाईलवर एक चित्र फिरवलंय, आपल्या ओसरीचं. खाली लिहिलंय, ‘बिनदाराच्या घरातली नात कुठं गेली? विचारा मुक्कामी आमदाराला.’ आपल्या भावकीत सांगतात, म्हाताऱ्यानं नात जातीबाहेर जाऊ दिली. भीमनगरात सांगतात, म्हाताऱ्यानं नात जयभीमवाल्याकडं गेली म्हणून टाकली. एकच चित्र, दोन्हीकडं चालतंय.

मी घरी जाणार नाही. राजकारणात मला काडीचा रस नाही. थंडी पडायला लागली, फक्त जाकीट आणायला एक चक्कर मारीन.

गोरक्ष

*

काष्टी
९ नोव्हेंबर

ताई,

घरी निघालो होतो. काष्टीला कसा पोचलो ते विचारू नकोस. म्हणजे विचार, सांगतो. फाट्यावर एका टेम्पोवाल्यानं थांबवलं, शेळ्या होत्या, सोबतीला माणूस पाहिजे होता. काष्टीच्या बाजाराला चाललोय म्हणाला. मी हा बाजार कधी बघितला नव्हता. बसलो. आपलं गाव उजवीकडं राहिलं.

एवढा मोठा बाजार मी पाहिलेला नाही. बैलांची शिंगं रंगवलेली, म्हशींच्या पाठीवर तेल, आणि सौदा तोंडानं नाही, उपरण्याखाली बोटांनी. माझ्याकडं एक काळी शेळी धरायला दिली होती. शेजारी दोन शेतकरी चहा पीत निवडणुकीवर बोलत होते. सगळीकडं तेच चाललंय.

एक म्हणाला, “मुक्कामी आमदार बी लबाडच निघालं. नातीला हाकललं म्हाताऱ्यानं.”

दुसरा म्हणाला, “आरं, त्येरा सालच्या दुष्काळात आपल्याकडची छावनी बंद पाडत हुते तवा कोन बोललं? आपला हुता का त्यो? दुसऱ्याच्या तालुक्यातला मानूस आपल्या गुरांसाठी सभागृहात उभा ऱ्हायला.”

“गुरांसाठी ऱ्हायला. नातीसाठी न्हाई ऱ्हायला.”

ताई, मी त्या माणसाची गचांडी धरायला गेलो. शेळीचं दावं सुटलं. ती बैलांच्या ओळीत घुसली, तिच्यामागं मी, माझ्यामागं टेम्पोवाला शिव्या देत. शेळी सापडली. पण धावताना मला कळलं की त्या माणसाला मारून उपयोग नाही. तो खोटं बोललेला नव्हता.

हे आप्पांनाच सांगायला पाहिजे कुणीतरी. उद्या सकाळी निघतो. या वेळी सरळ.

गोरक्ष

*

बोरदरा
१८ नोव्हेंबर

ताई,

आता हे पत्र आप्पांचंच आहे. नको असेल तर इथंच ठेव. पण ठेवू नकोस.

दहा तारखेला पोचलो. ओसरीवर माणसंच माणसं, दारावर बसायला जागा नाही. आप्पा बारीक झालेत. मला बघून पहिलं म्हणाले, “जेवलास का?” आणि मग, “हात काळं कशानं झालं?”

“ग्रीस, आप्पा.”

“चांगलंय. कायतरी चिकटलं एकदाचं तुला.”

सगळे हसले. मीपण.

प्रचाराचं सगळं ओंकारभाऊ बघतात. ते रोज एकच मंत्र म्हणायचे, “आप्पा, नातीच्या विषयावर गप बसायचं. हो बी न्हाई, न्हाई बी न्हाई. दोन्हीकडची मतं ऱ्हात्यात.” आप्पा ऐकून घ्यायचे. एकदाच म्हणाले, “गपच बसलोय की पाच वर्सं.”

काष्टीला ऐकलेलं मी त्यांना जेवताना सांगितलं. शब्दाला शब्द. गुरांसाठी उभा राहिला, नातीसाठी नाही. आई म्हणाली, गोऱ्या, जेवू दे त्यांना. आप्पांनी भाकरी संपवली, ताटात हात धुतला आणि उठले. मला वाटलं, चिडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, “गाडी काढ. भीमनगरला.”

तुझ्या सासूबाईंकडं, कलाबाईंकडं. लग्नापासून आप्पांची गाडी त्या गल्लीत गेलेली नाही, हे तुला त्यांनी सांगितलंच असेल. निवडणुका आल्या तरी मागच्या रस्त्यानं जायचे. ओंकारभाऊ गाडीसमोर उभे राहिले. आप्पा म्हणाले, बाजूला हो, नाहीतर मागं बस. ते मागं बसले.

तुमचं ते निळं पत्र्याचं दार. उघडंच होतं. कलाबाई आत सुपात तूर पाखडत होत्या. दार उघडं, माणूस समोर दिसतंय, तरी आप्पांनी दार वाजवलं. दारं वाजवायची सवय नाही त्यांना. पत्र्यावर थाप इतकी जोरात पडली की कोंबडी उडाली.

“कोन पाडतंय दार?”

“मी हाय कलाबाई.”

त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. “आमदारसाहेब व्हय. मत मागायला आलात?”

“मत न्हाई मागत.”

“मग?”

“व्याही म्हनून आलोय. उशीर झाला.”

“पाच वर्सं म्हंजी उशीर न्हवं साहेब. पाच वर्सं म्हंजी तुमची अख्खी टर्म झाली.” ओंकारभाऊंना ठसका लागला. “व्याही म्हनून आला असाल तर चपला काढून आत या. मत मागनारे चपला घालूनच उभं ऱ्हात्यात.”

आप्पांनी चपला काढल्या. मीही काढल्या. ओंकारभाऊंचे बूट होते, त्यांना वेळ लागला.

चहा झाला. कलाबाईंनी तुझं काही विचारलं नाही, सांगितलंही नाही. नातीचा फोटो तेवढा भिंतीवर होता. ताई, तुला मुलगी झालीय हे मला त्या भिंतीवरून कळलं! संस्कृती नाव आहे, तेही खाली लिहिलेलं वाचलं. आप्पा फोटोकडं बघतच राहिले, तेवढ्यात कलाबाई म्हणाल्या, “माझ्या सुनेला तुमी थांब म्हनलात. का?”

“भ्यालो.”

“कुनाला?”

“मतांना.”

तूर पाखडायचं थांबलं. “हे माझ्या घरातच सांगता का भाईरबी सांगाल?”

आप्पांनी बशीतला चहा संपवला. परत येताना गाडीत ओंकारभाऊ म्हणाले, “आप्पा, बाईचं बोलनं मनावर घेऊ नका.” त्यावर आप्पा म्हणाले, “बाईचं न्हवं, व्याह्यांचं हाय.”

आज शेवटची सभा, तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरच्या मैदानात. मी स्टेजच्या मागं वायरी सांभाळत होतो, मंडपवाल्याकडचं काम कामी आलं. आप्पा उठले. बाह्या सारख्या केल्या. कालव्याच्या टेलच्या पाण्याचं बोलले, पोरींच्या वसतिगृहाचं बोलले. मग म्हणाले, आता त्या चित्राचं बोलतो. ओंकारभाऊंनी डोक्याला हात लावला.

मी मोबाईलवर रेकॉर्ड केलंय, ऐकून ऐकून लिहितो.

“सभागृहात मला मुक्कामी आमदार म्हनून हसले. मी म्हनलं हसा, पन गाडी द्या. सोळा वर्सांनी दिली. रातच्याला येती, पहाटं नगरला जाती. डायव्हर-कंडक्टर माझ्या घराच्या दारावर झोपत्यात. त्या गाडीनं तुमच्या लेकी कॉलेजला गेल्या. माझी नात पंकजाबी गेली. त्याच गाडीत तिला सम्राट भेटला, कलाबाईंचा पोरगा. आता मला सांगा, हे लग्न जुळवलं कोनी?”

लोक एकमेकांकडं बघायला लागले.

“मी! विधानसभेत सोळा वर्सं भांडून!”

अगं, मैदान फुटलं हसून. बायकांच्या बाजूनं तर शिट्टी आली. आप्पा थांबले, सगळं शांत होईपर्यंत.

“जुळवनारा मीच, आन् लग्नाला न गेलेलाबी मीच. निवडनूक महिन्यावर हुती. काही मतं जातील म्हनून भ्यालो. नातीला म्हनलं थांब. ती थांबली न्हाई, बरं केलं. माझ्यावानी भित्री न्हाई ती. सम्राट माझा नातजावई हाय, कलाबाई माझ्या विहीनबाई हायत, आन् संस्कृती माझी पनती हाय. ज्यांच्या मतांना मी भ्यालो, त्यांनी या वेळी मला मत देऊ नका. ज्यांना पटलं त्यांनी द्या. झालं माझं.”

या वेळी कुणी हसलं नाही. टाळ्याही लगेच नाही आल्या. पुढच्या रांगेतले आपल्या भावकीतले दोघं-तिघं उठून गेले. कलाबाई बायकांत बसल्या होत्या. मी मुद्दाम बघत होतो. त्यांनी पदर सारखा केला आणि शेजारणीला म्हणाल्या, “उशिरा का व्हईना, गाडी आली.”

परवा मतदान. मला पहिल्यांदाच असं वाटतंय की हरले तरी चालेल. हे कुणाला सांगू नकोस.

गोरक्ष

*

बोरदरा
२४ नोव्हेंबर

ताई,

हरले. हजार-बाराशे मतांनी. तुला बातम्यांत दिसलंच असेल, पण बातम्यांत दाराचं नसणार.

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. निकाल लागला की पहिला गुलाल दाराला, मग आप्पांना. आप्पा घरी यायच्या आत दार गुलाबी व्हायला पाहिजे. काल सकाळी पहिल्या फेऱ्या आपल्या बाजूच्या गावांच्या होत्या, आप्पा पुढं. पोरांना दम कुठला? गुलालाची पोती फोडली, दार माखून टाकलं, ढोल सुरू. मग पुढच्या फेऱ्या यायला लागल्या. ढोल हळूहळू कमी होत गेला. शेवटी एकच जण वाजवत होता, त्याच्याकडं मोबाईल नव्हता म्हणून.

दुपारी जीप आली. आप्पा उतरले, गुलाबी दार बघितलं. पोरं मान खाली घालून उभी. आप्पा म्हणाले, “चला, दार तरी निवडून आलं.”

भीमनगरच्या बूथवर त्यांना कधी पडली नव्हती एवढी मतं पडली. आपल्या वाडीत कमी झाली. कुणाची ते मला माहीत आहे. रोज सकाळी त्याच दारावर बसून चहा पिणारी माणसं आहेत. मी संतापून बोलायला लागलो तर आप्पांनी थांबवलं. “मीच सांगितलं हुतं, देऊ नका. त्यांनी ऐकलं. चव्वेचाळीस वर्सांत लोकांनी माझं एवढं कधी ऐकलं न्हवतं.”

मग म्हणाले, बन्सीला बोलवा, हत्यारं घेऊन.

बन्सी सुतार आता थकलेत. ऐंशी साली त्यांनीच काढलं होतं दार. ते रडायलाच लागले. “आप्पा, ऱ्हाऊ द्या की. आता त्याला बाक म्हनायची सवय झाली लोकांना.”

“शब्द दिल्ता बन्सी.”

चौघांनी दार उचललं. खालचे दोन दगड उघडे पडले, त्यांच्याखाली तुझी एक बिल्लोरी बांगडी निघाली, अर्धी. मी ठेवलीय. बसून बसून दाराचं लाकूड असं गुळगुळीत झालंय की हात घसरतो, आणि मधोमध थोडं खोलगट. बन्सींनी नव्या बिजागऱ्या बसवल्या. गुलाल पुसू का म्हणाले तर आप्पा नको म्हणाले. ओसरीभर माणसं, आवाज फक्त हातोडीचा. दार चौकटीत उभं राहिलं. मी ते उभं कधी बघितलंच नव्हतं, तूही नाही. आपलं घर एकदम दुसऱ्या कुणाचं तरी वाटायला लागलं.

“लावून बघा आप्पा,” बन्सी म्हणाले. “कडी बसती का बघा.”

आप्पांनी दार पुढं लोटलं. कडीला हात लावला. आणि तसेच थांबले. मग हात मागं घेतला आणि दार पुन्हा सताड उघडलं.

“काय झालं?”

“आपल्या घरात कडी शेवटी येनाऱ्यानं लावायची,” आप्पा म्हणाले. “एक मानूस भाईर हाय अजून.”

आई आत निघून गेली.

तेव्हापासून दार उघडं आहे. रात्री कुत्रं शिरलं, दुधाचं पातेलं चाटून गेलं. आई चिडली, आतापुरतं तरी लावा म्हणाली. आप्पांनी लावू दिलं नाही. दाराशीच अंथरूण टाकून झोपले.

मला त्यांनी पत्र लिहायला सांगितलेलं नाही. मी लिहितोय हेही त्यांना माहीत नाही. म्हणजे विचारत होते, चंद्रपूरला पत्र किती दिवसांत जातं म्हणून. मी म्हटलं मला काय माहीत.

ताई, मी तुला ये म्हणत नाही. तुझं तू बघ. फक्त एवढं सांगतो की मुक्कामी गाडी अजून चालू आहे. रात्री येते आणि पहाटे जाते. म्हणजे नाही पटलं, तर सकाळी परत जाता येतं.

गोरक्ष

*

कोपरगाव
२२ डिसेंबर

ताई,

स्टेअरिंग मिळालं! हार्वेस्टरवर बसलं की ऊस समोरून नुसता झोपत जातो. काल एक एकर मी एकट्यानं. म्हणजे ड्रायव्हर शेजारी होता, पण झोपलेला.

त्या रात्री तुम्ही मुक्कामी गाडीतून उतरून घरी आलात आणि तू आप्पांशी पहिला तासभर बोलली नाहीस, तेव्हा मला वाटलं, सगळं वाया. सम्राट दाजी आणि आप्पा टेलच्या पाण्यावर बोलत बसले आणि तू ओट्यावर आईला भाकऱ्या करू लागलीस. मग झोपायच्या वेळी आई आतून ओरडली, “कडी लावली का?” आईच्या तोंडून सवयीनंच गेलं ते. तू उठलीस. आप्पांसमोरून जाताना म्हणालीस, “माफ केलेलं नाही. कडी लावायला आलेय.” आप्पा म्हणाले, “तेवढं बास.” लोखंडाचा तो खट् आवाज मी आयुष्यात विसरणार नाही. तू लहानपणी तोंडानं काढायचीस तो याच्यापेक्षा बरा होता, ते वेगळं.

आता तू गेल्यानंतरचं. तुम्ही पहाटेच्या गाडीनं गेलात, मी पुन्हा झोपलो. सकाळी ओसरीवर माणसं कमी होती, माजी आमदाराकडं कोण येतंय. थंडी म्हणून दार लोटलेलं. आणि कुणीतरी दार वाजवलं. वाजवलं म्हणजे बडवलं.

“म्हातारं हाय का घरात?”

खोटं वाटेल तुला, पण बनुबाई होती. वस्तीवरची. आता काठीवर चालते. काठीनंच वाजवत होती. आई आतून म्हणाली, अहो मावशी, हाक मारायची, दार फोडाल. तर बाहेरून आवाज आला, “आता वाजवाय काय जातंय? आता कुटं आमदार हाय त्यो!”

मी उघडायला उठलो. आप्पांनी हातानं मला बसवलं.

“मी उघडतो,” म्हणाले.

आणि ताई, उठताना त्यांनी सदऱ्याच्या दोन्ही बाह्या सारख्या केल्या.

गोरक्ष